बातमी पोचली तो दिवस

सप्टेंबरात एक तारीख आहे, आकडा सांगत नाही, तो आमच्यातच राहू द्या. त्या तारखेच्या दोन-चार दिवस मागेपुढे दरवर्षी धानोऱ्याहून एक पोस्टकार्ड वरोऱ्याला माझ्या घरी येतं. यंदा ते नेमकं त्याच दिवशी आलं. डोमाजीभाऊंना अखेर वेळेवर कार्ड टाकणं जमलं म्हणायचं, असं मनाशी हसत मी चष्मा शोधला. पण अक्षर त्यांचं नव्हतं. त्यांच्या मुलानं, बिसननं लिहिलं होतं, ‘‘बाबा गेले त्याले अठरा दिवस झाले. तुमचा पत्ता त्याईच्या डोक्यातच होता, आम्हाले सापडला नाही. परवा तुमचं कार्ड आलं तवा मिळाला.’’ मधल्या दिवसांत मी त्यांना खरंच एक कार्ड टाकलं होतं. एका सकाळी रेडिओवर एक जुनं गाणं लागलं, ते भाऊंना कळवल्याशिवाय मला राहवलं नाही. म्हणजे मी लिहीत होते तेव्हा ते नव्हतेच... दारात बसून मी ते कार्ड कितीदा वाचलं कोण जाणे. रडू मात्र लगेच आलं नाही. आधी आठवण आली ती आमच्या पहिल्या भांडणाची.

पन्नासचं दशक अर्ध्यावर आलं होतं. गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायचा होता, सगळा मिळून एकच चांदा जिल्हा. जनपद सभेच्या, म्हणजे तेव्हाच्या लोकल बोर्डाच्या, शाळेत मास्तरीण म्हणून माझी नेमणूक धानोऱ्याला झाली तेव्हा आईनं मला काळ्या पाण्यावर धाडल्यासारखा निरोप दिला. मला मात्र घरापासून लांब जायचंच होतं. वरोऱ्यात मी चांगलं गात होते. रेकॉर्डीवरची गाणी ऐकून जशीच्या तशी पेटीवर बसवायची, हळदीकुंकवाला बायका मुद्दाम बोलावून गायला लावायच्या. मग मला पाहायला आलेल्या मंडळींनी गाणारी मुलगी नको म्हणून निरोप पाठवला, आणि एकदा नव्हे, दोनदा. वडिलांनी पेटी माळ्यावर टाकली. मला राग त्यांचा यायला हवा होता, तो आला गाण्याचा. आता तोंडातून सूर काढायचा नाही, असं ठरवून मी ट्रंक उचलली.

राहायला खोली मिळाली ती डोमाजीभाऊंच्या अंगणात. ते जंगल खात्याच्या लाकूड डेपोचे मुन्शी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, अंगानं काटकुळे आणि आवाजानं फुटक्या घागरीसारखे. गाता येत नव्हतं त्यांना, एक ओळ धड येत नव्हती. पण घरात चावीचा ग्रामोफोन होता, बॅटरीचा रेडिओ होता आणि एक लाल पुठ्ठ्याची जाड डायरी होती. तारखेला एक पान. वर्तमानपत्रात ‘आजचा दिवस’ म्हणून राजेरजवाड्यांचे जन्म-मृत्यू छापून येत, ते वाचून भाऊंचं डोकं फिरलं होतं. ‘‘राजे जन्मले ते लिवतेत, लढाया झाल्या ते लिवतेत. गानाऱ्याईचं काऊन लिवत नाई?’’ म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं. कुठल्या गायिकेचा जन्म, कोणाची पहिली रेकॉर्ड निघाली, कोण संगीतकार वारला, कोणतं गाणं धानोऱ्यात पहिल्यांदा वाजलं, सगळं त्या त्या तारखेच्या पानावर. शाळा सुटली की त्यांच्या ओसरीवर चहा व्हायचा. डेपोतले चार लोक जमायचे, भाऊ त्या दिवसाचं पान मोठ्यानं वाचायचे, आणि वाचलं की एक गाणं झालंच पाहिजे, हा नियम. रेकॉर्ड लावा, रेडिओ लावा, नाहीतर कोणीतरी म्हणा. पान कोरं असलं तरी चहा सुटत नसे.

मी नवी, त्यातून मास्तरीण. चुका दिसल्या की हात शिवशिवायचे. पावसाळ्याआधीची गोष्ट. एक संगीतकार गेल्याची नोंद भाऊंनी वाचली. शेजारी चहाच्या पुड्याला गुंडाळलेलं वर्तमानपत्र होतं, त्यात तारीख वेगळी. मी सगळ्यांदेखत म्हटलं, ‘‘भाऊ, हे चूक आहे. ते आठ दिवस आधी वारले.’’ मग डायरी मागून घेतली आणि आणखी पाच-सहा पानं त्यांना चुकीची दाखवली. प्रत्येक ठिकाणी घोटाळा तोच. डाक धानोऱ्याला चार-आठ दिवसांनी यायची, आणि बातमी ज्या दिवशी हाती पडली तीच तारीख भाऊ लावून मोकळे. ओसरीवरचे लोक खाली बघू लागले. भाऊंनी डायरी परत घेतली, पदरात लेकरू घ्यावं तशी मांडीवर ठेवली.

‘‘तिकडं तो मेला आठ दिवसाआधी,’’ ते शांतपणे म्हणाले. ‘‘इथी तं तो कालपर्यंत जिता होता न, बाई. काल म्या त्याचं गानं लावलं, तं जित्या मानसाचंच लावलं.’’

मला हसू आलं. अडाणीपणाला लावलेली मखलाशी, असं मी वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, काशीबाईंना म्हणालेसुद्धा. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, ‘‘तुमी शिकल्या-सवरल्या, तुमाले दिसत असन तसं.’’ एवढंच. त्याच आठवड्यात मी वरोऱ्याकडे बदली मिळावी म्हणून अर्ज केला. जंगल, डास, एकटेपणा अशी कारणं दिली. खरं कारण असं की रोज त्या ओसरीवर गाणं ऐकायचं आणि ओठ मिटून बसायचं, हे मला झेपत नव्हतं.

त्या वर्षी पाऊस असा लागला की वैनगंगा फुगली, मधले नाले फुगले आणि डाक जवळजवळ तीन आठवडे पलीकडेच अडकली. रेडिओची बॅटरीही उतरलेली. जगात काय चाललंय, धानोऱ्याला पत्ता नव्हता. आणि मग सप्टेंबरातल्या एका दुपारी सगळं एकदम आलं. ओलसर पोतं ओसरीवर उघडलं तर त्यात वर्तमानपत्रांचा गठ्ठा, भाऊंनी नागपूरहून मागवलेली नवी रेकॉर्ड आणि माझ्या नावाचा सरकारी लिफाफा. भाऊ पेपर उलगडत गेले आणि त्या एका तारखेचं पान भरत गेलं. एका नव्या पोरीची पहिलीच रेकॉर्ड निघाली होती. गायक-गायिकेच्या एका लाडक्या जोडीनं लग्न केलं होतं. आणि भाऊंची सगळ्यात आवडती गायिका, जिच्या गाण्यांनी मीही लहानपणी गळा तयार केला होता, ती गेली होती. तीन आठवडे होऊन गेले होते.

भाऊंनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला. आम्ही परवा-तेरवापर्यंत तिची गाणी वाजवत होतो... मग त्यांनी पान वाचलं, शुभवार्ता आधी आणि ती बातमी शेवटी. नियमाप्रमाणे गाणं हवं. तिचीच रेकॉर्ड काढली, ग्रामोफोनला चावी दिली, आणि आत काहीतरी तुटल्याचा आवाज आला. स्प्रिंग गेली. आता नागपूरशिवाय दुरुस्ती नाही. डेपोत कामाला येणारी मैनाबाई ओसरीच्या पायरीवर बसली होती. गोंडाची बाई, गेलेल्या गायिकेचं नावही तिनं इथंच ऐकलेलं. कोणी काही म्हणायच्या आत तिनं रेला धरला, तिच्या गावात नाचताना म्हणतात ते गोंडी गाणं. झाल्यावर म्हणाली, ‘‘मले तिचं नाई येत. आमचं येते, ते म्हनलं.’’

भाऊंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. मी गाते हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. ‘‘बाई, तुमाले येते न तिचं गानं?’’ ते म्हणाले. ‘‘रेकॉर्ड वाजते तवा तुमचं बोट हालते मांडीवर. सम चुकत नाई.’’

माझ्या हातात उघडलेला लिफाफा होता. बदली मंजूर, पंधरा दिवसांत हजर व्हा. मला वाटलं, उठावं आणि खोलीत जाऊन ट्रंक भरावी. पण पायरीवर बसलेल्या त्या बाईनं, जिचा त्या गायिकेशी काडीचा संबंध नव्हता, आपल्याकडचं होतं ते देऊन टाकलं होतं. आणि माझ्याकडे असून मी गप्प बसणार होते. मी डोळे मिटले आणि म्हटलं. पहिली ओळ घोगरी निघाली, अंतऱ्याला आवाज फाटला, पण पूर्ण म्हटलं. संपल्यावर कोणी वाहवा केली नाही. काशीवहिनींनी चहा पुढे केला, एवढंच. भाऊंनी टाक उचलून त्या पानावर आणखी दोन ओळी लिहिल्या. ‘मैनाबाईनं रेला म्हटला.’ त्याखाली, ‘बाई गायल्या.’ जन्म, लग्न, मृत्यू, नवी रेकॉर्ड, आणि त्या रांगेत आम्ही दोघी. मला एवढ्या मोठ्या माणसांत कोणी कधी बसवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बदली नको असं मी लिहून कळवलं. मग अकरा वर्षं धानोऱ्यात काढली. पोरींना गाणी शिकवली, पेटी वरोऱ्याहून आणवली, नागपूरला रेडिओवर दोनदा गाऊन आले. माझी मजल तेवढीच, पण ती मजल त्या ओसरीवरून मारली. गावाकडे परतल्यावर दरवर्षी ते कार्ड यायचं. त्यात ते सबंध पान उतरवलेलं असे, शेवटी ‘बाई गायल्या’, आणि त्याखाली ‘तुमी अजून म्हनता न?’ एकदा त्यांनी डायरीतल्या नोंदी एका साप्ताहिकाला धाडल्या, तर तारखा चुकीच्या आहेत म्हणून साभार परत आल्या. मी चिडले, संपादकाला पत्र लिहायला निघाले. भाऊंनी कळवलं, ‘‘जाऊ द्या, त्याईच्या घरी डाक लवकर येते.’’ एके काळी मीच त्या संपादकाच्या बाजूची होते, हे त्यांनी कधी काढलं नाही. त्यांचे माझ्यावर जे उपकार आहेत त्यांत हा एक धरते.

कार्ड आल्यानंतरच्या आठवड्यात मी धानोऱ्याला गेले. काशीवहिनी आता वाकल्यात, पण ओसरी तशीच शेणानं सारवलेली. ग्रामोफोन मुका होऊन कोपऱ्यात, त्यावर ती लाल डायरी. बिसननं भाऊ गेले त्या तारखेच्या पानावर बॉलपेननं नोंद केली होती, अक्षर वळणदार, तारीख अगदी बरोबर. मी ते पान तसंच ठेवलं, त्याच्यापुरते त्याचे वडील त्याच दिवशी गेले. पण मग आमचं पान काढलं. शाई फिकट झाली होती, तळाशी बोटभर जागा उरली होती. त्या मधल्या दिवसांत मी भाऊंना कार्ड लिहिलं, मनात त्यांच्याशी बोलले, एका गाण्यावरून त्यांची थट्टाही केली, आणि ते सगळं जित्या माणसाशीच केलं. उरलेल्या जागेत मी लिहिलं, ‘डोमाजीभाऊ गेले.’

वहिनींना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, ‘‘कोन्या तारखेले लिवलं बाई?’’

‘‘मला कळलं त्या.’’

‘‘बराबर हाये,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वाचा.’’

मी पान वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचलं. शेवटच्या दोन ओळीही वाचल्या. बाई गायल्या. डोमाजीभाऊ गेले. बिसन भिंतीला टेकून उभा होता. वहिनींनी पदर सारखा केला, ग्रामोफोनकडे एकदा पाहिलं आणि मग माझ्याकडे.

‘‘वाचलं न? मंग म्हना आता.’’

मी म्हटलं.