अर्धी सुई

नागावच्या आमच्या घरात टेबल आलं, तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून गावात आम्हाला शनवारतेली म्हणत, पण आमचा तेलाचा घाणा कधीच बंद पडला होता आणि वडील सुतारकाम करत. तोवर आम्ही पाटावर बसूनच जेवत होतो. त्या वर्षी नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, मुंबईचे काका-काकू येणार होते. काकूचे गुडघे धरलेले, तिला खाली बसवत नसे. म्हणून वडिलांनी फणसाच्या लाकडाचं टेबल केलं आणि त्याला आरशासारखं पॉलिश मारलं.

"यावर गरम पातेलं ठेवलंत तर डाग पडेल हां," त्यांनी बजावलं.

"मग टेबलाला गोधडी शिवते," आई म्हणाली.

आणि तिने खरंच शिवायला घेतली. आत जुन्या लुगड्यांचे थर, वर पांढरं मांजरपाट, त्यावर लाल तुकड्यांची डाळिंबं आणि कडेने निळे मासे, कारण आमच्या या सणाला ताटात डाळिंबही लागतं आणि मासाही. पातेल्यांखाली घालायला तिने वेगळ्या चौकोनी गोधड्याही बेतल्या होत्या. माझी आत्या आमच्याकडेच राहायची. वडिलांची ही थोरली बहीण लहानपणीच विधवा झालेली. ती तुकडे कापून द्यायची, मी सुईत दोरा ओवायची आणि माझी रांगती बहीण आमच्या मधून फिरत असायची.

एका दुपारी आई कोपऱ्यावरच्या डाळिंबाला टाके घालत होती. तिथे थरांवर थर आले होते. सुई पुढे जाईना, म्हणून तिने तळव्याने जोर दिला. कट् असा आवाज झाला आणि तिचा तळवा कापडावर आपटला.

"मोडली," आई म्हणाली.

तिच्या हातात नेढ्याकडचा अर्धा भाग राहिला होता. टोकाकडचा दिसेना. तिने लुगडं झटकलं, आत्याने चटई झटकली, मी जमिनीवर हात फिरवू लागले. आणि तेवढ्यात, गोधडीचं दुसरं टोक तोंडात घालून बसलेल्या बहिणीला जोराचा ठसका लागला.

आईने झडप घालून तिला उचललं, उलटी धरली, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घालून पाहिलं. तोंडात फक्त ओला दोरा होता. बहीण किंचाळून रडत होती. आईचा चेहरा एवढा पांढरा पडलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"गिळलीन का गो तिने?" आत्याने विचारलं.

आईने पुन्हा तिच्या तोंडात बोट फिरवलं.

वडील धावत जाऊन वैद्यांना घेऊन आले. त्यांनी पोट चाचपलं, घसा पाहिला. म्हणाले, "गेली असेल तर पिकलं केळं आणि मऊ भात चारत राहा. त्यात गुंडाळून बाहेर पडेल. लंगोट नीट तपासा. पण ताप आला किंवा पोट फुगलं, तर मात्र थांबू नका, सरळ अलिबाग गाठा."

त्यानंतर घरात कुणी मोठ्याने बोलेना. बहिणीला केळी चारायची आणि तिच्या तोंडाकडे बघत बसायचं, एवढंच काम उरलं. ती हसली तरी भीती वाटे, रडली तर जास्तच. आत्याच्या सासरच्या शेजारी म्हणे एका पोराने टाचणी गिळली होती. "मग त्याचं काय झालं?" मी विचारलं. आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि उठून चुलीकडे गेली. ती गोष्ट अर्धीच राहिली, म्हणून मला अधिक भयाण वाटली. मी विहिरीमागे जाऊन शेमा ही आमची प्रार्थना म्हटली, येत होती तेवढी. आईने आमच्या एलियाहू हन्नाबी पैगंबराला मलिद्याचा नवस बोलला.

सुई गोधडीतच असेल, या आशेने आई आणि आत्या टाके उसवायला बसल्या. डाळिंबं सुटी झाली, मासे सुटे झाले, जुन्या लुगड्यांचे थर एकेक करून अंगणात पसरले. वडिलांनी शाळेतल्या मास्तरांकडून लोहचुंबक आणलं आणि सगळ्या कापडांवरून, चटईवरून, जमिनीवरून फिरवलं. त्याला वडिलांचेच बारीक खिळे चिकटले. सुई नव्हती.

"म्हणजे पोटातच आहे," आई म्हणाली आणि तोंडाला पदर लावून बसली.

पुढच्या सकाळी बहिणीचं अंग तापलं.

वडिलांनी बैलगाडी जुंपवली. मला घरी ठेवायला कुणी तयार नव्हतं आणि मीही राहिले नसते. नारळीच्या वाड्यांमधून गाडी हळूहळू जात होती. प्रत्येक खड्ड्याला आई बहिणीला वर उचलून धरी, जणू धक्क्याने आतली सुई आणखी रुतेल. मी बहिणीची पावलं हातात धरून बसले होते. ती गरम आहेत याचीही भीती वाटे, आणि ती गार पडली तर, याचीही.

अलिबागचे डॉक्टर वयस्कर होते. आईने पदराच्या गाठीतून अर्धी सुई काढून त्यांना दाखवली. त्यांनी बहिणीला टेबलावर निजवलं, पोट दाबलं, मग हिरड्यांवरून बोट फिरवलं. "दात येताहेत हिला. ताप त्याचा आहे. पोट तर मऊ आहे. धरा जरा घट्ट, घसा बघू द्या."

आईने बहिणीचे हात धरले. डॉक्टर बहिणीकडे न बघता आईच्या हाताकडे बघू लागले. अंगठ्याखालचा तळवा सुजून लाल झाला होता.

"हे काय?"

"काही नाही, टोचलंय काहीतरी. आधी हिचं बघा."

"कधीपासून?"

"सुई मोडली तेव्हापासून," आई म्हणाली. बोलता बोलताच ती थांबली.

डॉक्टरांनी सुजेवर बोट दाबलं आणि आई ओरडली. मग वडिलांनी तिचा हात धरून ठेवला, डॉक्टरांनी छोटासा छेद दिला आणि चिमट्याने काहीतरी काळपट बाहेर ओढलं. ते धुऊन त्यांनी नेढ्याकडच्या तुकड्याशेजारी ठेवलं. दोन्ही टोकं बरोबर जुळली.

आईच्या हातातून रक्त वाहत होतं आणि ती हसत होती. हसता हसता एवढी रडू लागली की डॉक्टरांना पट्टी बांधता येईना.

"बाई, दुखलं नाही का तुम्हाला एवढे दिवस?" त्यांनी विचारलं.

"दुखत असेल," आई म्हणाली, "लक्ष कुणाचं होतं!"

वडील तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

सणापर्यंत गोधडी पुन्हा उभी करायला आत्या एकटीच होती. तिचे टाके मोठाले. डाळिंबं एकीकडे कलली, दोन मासे उलटे पोहू लागले. काकूला ते फारच आवडले. टेबलावर तीच गोधडी घातली, वडिलांनी प्रार्थना म्हटली, पातेली आली. आईच्या उजव्या हाताला पट्टी होती आणि डाव्या हाताने जेवायला ती तयार नव्हती. म्हणून मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा तिला घास घास भरवला. मध्येच तिच्या मांडीवरच्या बहिणीने तोंड उघडलं. आईने आधी तिच्या तोंडात वाकून पाहिलं, आणि मग म्हणाली, "दे, तिलाही दे."