मुलाखतीचा चहा

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. नवरा गेला आणि वर्षाच्या आत दिरानं ठरवून टाकलं, की मी मुलीला घेऊन माहेरी नेसरीला जावं. तिकडं गेल्यावर पोरीची शाळा सुटणार आणि ती म्हशींमागं फिरणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी सातवी पास होते आणि हट्टीही होते. महारोग्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला कोल्हापुरात मदतनीस बाई हवी होती. दिराला न विचारता मी मुलाखतीला गेले.

टेबलापलीकडं तीन पुरुष, मधले चिटणीस. लिहिता येतं का, जखमा धुवाल का, घरच्यांची परवानगी आहे का? "ती लागणार न्हाई," मी म्हटलं, तशा त्यांच्या भुवया चढल्या. तेवढ्यात एक वयस्कर बाई सगळ्यांपुढं चहा ठेवून गेली. तिघांनी आपापला चहा संपवला. आमच्यात परक्या पुरुषांसमोर बायका खात-पीत नसत, म्हणून मी पदर सावरून तशीच बसले. माझ्या चहावर साय धरली. चिटणिसांनी कपाकडं पाहिलं आणि म्हणाले, "या तुम्ही. तुमच्यानं हे काम व्हायचं नाही."

का, ते सांगितलं नाही. बाहेर पडवीत तीच बाई उभी होती. तिच्या बोटांची पेरं झडलेली मला तेव्हा दिसली.

"डागदर म्हनत्यात, मी बरी झाली," ती म्हणाली. "पर कामाला येनारं कोन माज्या हातचा च्या घेत न्हाय. मुद्दाम माज्याकडनंच देत्यात, मानूस पारखाय."

माझं डोकंच फिरलं. तशीच आत गेले.

"मी पुरुषांसमोर काय खात-पीत न्हाई. तिच्यासंगट बसून पिते. बघायचं असंल तर बघा."

स्वयंपाकघराच्या पायरीवर बसले आणि तिला नवा चहा टाकायला लावला. खोटं कशाला बोलू, कप तोंडाशी नेऊन मी एकदा परत खाली ठेवला. घरी लहान पोर होती माझी. तरी घोट घेतला आणि तिला म्हटलं, "तुम्हीबी घ्या की."

ती आधी लांबच उभी राहिली. मग पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसली. दोन्ही तळव्यांत तिनं कप धरला. "कुनासंगट बसून च्या पिऊन लई दिस झालं," ती म्हणाली.

चिटणीस दारात आले. "सोमवारपासून कामाला या," म्हणाले.

मी उठले नाही. "येते. आधी आमचा चहा होऊ दे."