आईला काकू म्हणायचं

धाकट्याला दत्तक दिलं आणि पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे रामलिंगाला धबधबा बघायला गेलो. हे लिहितानाही मला वडिलांचा राग येतो. सहल त्यांनी चांगल्या मनानं काढली होती, हेही खरं. थोरले काका आणि थोरली काकू धाकट्याला घेऊन त्याच संध्याकाळी येडशीच्या स्टेशनवरून अरुंद रुळांच्या लहान गाडीनं कुर्डुवाडीला आणि तिथून पुढं हैदराबादला जाणार होते. येडशीपासून रामलिंग पायी जाण्याजोगं. तेव्हा दिवस झाडीत, पाण्यात घालवू, पोरगं खेळेल, दमेल आणि गाडी यायच्या आत झोपून जाईल, असा त्यांचा बेत होता.

आम्ही तेव्हा धाराशिवला राहत होतो. कागदोपत्री उस्मानाबाद, घरात धाराशिव. वडील शाळेत मास्तर होते. माझ्याहून मोठा एक भाऊ, मग मी दहा वर्षांची आणि माझ्याखाली साडेतीन वर्षांचा धाकटा. वडिलांचे थोरले बंधू हैदराबादला कचेरीत कामाला होते. निजामाचं राज्य गेलं, पुढं हैदराबाद राज्याचीही वाटणी झाली, आमचा जिल्हा मराठी मुलखात आला. पण काकांची सगळी हयात उर्दू कागदांत गेलेली, ते तिकडंच राहिले. त्यांना मूल नव्हतं. वडिलांना लहानाचं मोठं त्यांनीच केलं, शिकवलंही त्यांनीच. एका दिवाळीत जेवताना ते वडिलांना एवढंच म्हणाले की तुला दोन मुलगे आहेत. पुढं काही बोलायची गरज पडली नाही. आईला विचारलं होतं म्हणतात. विचारलं म्हणजे सांगितलं. ती परांड्याकडच्या खेड्यातली. थोरल्या दिरानं मागितलं आणि नवऱ्यानं मान हलवली, तिथं आपण काय बोलायचं, असं तिला वाटलं असणार.

दत्तकाच्या होमाच्या दिवशी तिनं धाकट्याला थोरल्या काकूच्या ओटीत घातलं आणि लगेच उठून पोळ्या लाटायला गेली. पाहुण्यांना वाढतानाही ती नेहमीसारखीच होती. पंचाईत दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. होम, मंत्र, नवीन नाव हे सगळं मोठ्या माणसांना कळतं. धाकटा सकाळी उठला तो "आई" करत थेट चुलीपाशी गेला आणि थोरली काकू त्याच्यासाठी दुधाचा पेला घेऊन उभीच्या उभी राहिली.

वडील मास्तर असल्यामुळं पाढे जसे म्हणून म्हणून पाठ होतात तसं नातंही पाठ होईल असं त्यांना वाटलं. त्यांनी आम्हा दोघांना ओट्यावर बसवलं. थोरली काकू ही आता त्याची आई आणि आपली आई ही त्याची काकू, हे त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे. आणि तुम्ही आई म्हणालात की तोही आईच म्हणणार, म्हणून ही मंडळी हैदराबादला जाईपर्यंत तुम्हीही आईला काकू म्हणायचं, असं त्यांनी बजावलं. माझ्या भावानं यावर साधा उपाय काढला. त्यानं आईला हाक मारणंच सोडलं. काही हवं असलं की तो तिच्याजवळ जाऊन नुसता उभा राहायचा. मी मात्र वडिलांना भिऊन म्हटलं, "काकू, भूक लागली." आईनं मान वर केली नाही. ताटलीत भाकरी घातली, वर तेल-चटणी घातली आणि ताटली माझ्याकडं सरकवली.

धाकट्याला हा खेळ वाटला. दाराआडून डोकवायचं, आईकडं बोट दाखवून "काकू" म्हणायचं आणि हसून हसून जमिनीवर लोळायचं. मग आईही हसायची. हसण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. चार दिवसांत तो या खेळात इतका तरबेज झाला की वडिलांनी त्याची पाठ थोपटली.

थोरल्या काकूला वाईट म्हणावं अशी माझी फार इच्छा होती, पण तसं म्हणता येत नाही. ती त्याला उचलायचीसुद्धा जपून, परक्याची वस्तू हाताळावी तशी. तो काय खातो, कशाला भितो, आंघोळीला रडतो का, हे सगळं ती आईला चार चारदा विचारायची आणि आई न कंटाळता सांगायची. झोपताना त्याला कुणाचा तरी कान धरायला लागतो, हेही आईनं तिला सांगितलं. तुमचाच धरू द्या, म्हणाली.

भादवा होता. पाऊस चांगला झालेला आणि दोन-तीन दिवस उघडीप होती. सकाळच्या एस.टी.नं आम्ही येडशीला उतरलो, ट्रंक आणि वळकटी स्टेशनवर ओळखीच्या माणसापाशी ठेवली आणि चालायला लागलो. रामलिंगाची वाट म्हणजे काही गड चढणं नव्हे. लेकुरवाळ्यासुद्धा गप्पा मारत जातात. दोन्ही बाजूंना तरवड पिवळाधमक फुललेला, टेकड्यांवर धावडा आणि सीताफळीची झुडपं. सीताफळं धरलेली, पण डोळे अजून उघडलेले नव्हते. भाऊ पुढं पळून दगडानं ती पाडायला बघत होता आणि वडील त्याला रागावत होते. मधूनच मोर ओरडायचा, की धाकटा तसाच ओरडायचा.

तो थोरल्या काकांच्या खांद्यावर बसला होता. काका शहरी माणूस, शेरवानीत घामाघूम झालेले, तरी त्याला खाली उतरवायला तयार नव्हते. आम्ही भरभर चालायला लागलो की म्हणायचे, इत्मिनानानं चला, गाडीला लई वेळ आहे. त्यांच्या तोंडावर एवढा आनंद मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, आणि तो बघून मला रडू यायचं.

आई सगळ्यांच्या मागं चालत होती. दशम्या-धपाट्यांचं गाठोडं तिच्या काखेत होतं. धाकटा खांद्यावरून मागं वळून तिला शोधायचा. तो वळला की ती गाठोडं या काखेतून त्या काखेत घ्यायची आणि त्या निमित्तानं खाली बघायची. मी तिच्याजवळ जाऊन गाठोडं मागितलं तर दिलं नाही. पुढं चाल, म्हणाली.

पायऱ्या उतरून खाली गेलं की देऊळ लागतं. चहूबाजूंनी डोंगर, मध्ये खोलगट जागा आणि देवळाला वळसा घालून जाणारं पाणी. दर्शन झाल्यावर काकांनी आम्हाला जटायूची गोष्ट सांगितली. तिथं ती सगळेच सांगतात, सीतेसाठी लढून जटायू इथंच पडला आणि त्याची तहान भागवायला रामानं बाण मारून हे पाणी काढलं म्हणून. काका पुढं म्हणाले की रामानं त्या पक्ष्याचं सगळं क्रियाकर्म मुलानं करावं तसं केलं. पोटचा नसला तरी मुलगा मुलगाच असतो, असंही बोलले आणि एकदम उठून चपला शोधायला लागले. आपण कुणासमोर बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं. आई उदबत्तीची राख पुडीत भरत होती. तिनं ती धाकट्याच्या कपाळाला लावली आणि पुडी थोरल्या काकूला दिली.

धबधबा देवळामागं आहे. फार उंच नाही, पण त्या वर्षी पाणी भरपूर होतं. काळ्या कातळावरून ते पांढरंशुभ्र खाली येत होतं आणि तुषार आमच्या तोंडावर उडत होते. आमच्याकडं पाणी म्हणजे आडाचं, मोजून वापरायचं. एवढं पाणी फुकट वाहताना बघून मी थक्क झाले. क्षणभर मी सगळं विसरले. भाऊ सदरा काढून धारेखाली गेला. वडील धोतर खोचून पाण्यात उतरले आणि धाकट्याचे दोन्ही हात धरून त्याला उथळ पाण्यात नाचवायला लागले. तो खिदळत होता. थोरली काकू काठावरच्या दगडावर बसून त्याच्याकडं बघत होती. आईनं लांब, वडाच्या सावलीत सतरंजी टाकली आणि दशम्या वाढायला घेतल्या.

खेळून झाल्यावर वडिलांनी धाकट्याला कोरडं केलं. आईनं माझ्या हाती त्याची गुळाची दशमी पाठवली. ती घेऊन तो काठावर खात उभा होता, थोरल्या काकूपासून दोन पावलांवर. तेवढ्यात झाडावरून एक मोठं माकड खाली आलं. त्यानं दात विचकले, धाकट्याच्या हातातली दशमी ओढून घेतली आणि पळालं. धाकट्याला लागलं नाही, ओरखडासुद्धा नाही. पण तो असा किंचाळला की धबधब्याच्या आवाजातही सगळ्यांना ऐकू गेलं.

तो "आई" म्हणून किंचाळला. दोघीही उठल्या. थोरल्या काकूनं हात पसरले. आई सतरंजीवरून धावत निघाली, पाच-सहा पावलं आली आणि कुणीतरी मागून पदर धरावा तशी थांबली. धाकटा थोरल्या काकूच्या पसरलेल्या हातांजवळून पळत गेला आणि आईच्या पायांना त्यानं मिठी मारली.

आईनं दोन्ही हात वर धरले. हातांना पीठ नव्हतं, काही नव्हतं. नुसते वर धरले. "आई तिकडंय बाळा," ती म्हणाली. "मी काकू."

धाकट्यानं तिच्या लुगड्यात खुपसलेलं तोंड वर केलं. "आता खेळ बास," तो म्हणाला.

वडील काठावर धोतर पिळत होते ते तसेच राहिले. मग थोरली काकूच रडत पुढं आली आणि आईला म्हणाली, "घे गं त्याला. आजच्या दिवस घे."

"आज घेतला तर उद्या तुमच्याकडं ऱ्हायचा न्हाय, जाऊबाई," आई म्हणाली. तिनं खाली वाकून धाकट्याची बोटं लुगड्यातून सोडवली. तो पुन्हा धरायचा, ती पुन्हा सोडवायची. शेवटी त्याचा हात तिनं थोरल्या काकूच्या हातात दिला, आणि तो मागं पळू नये म्हणून स्वतःच वळून पायऱ्यांकडं चालायला लागली. त्याचं रडणं खूप वेळ माझ्या कानावर येत होतं. मला वडिलांना काहीतरी फेकून मारावंसं वाटत होतं. त्यांनी मला सतरंजी गुंडाळायला सांगितली आणि मी ती गुंडाळली.

वडिलांचा बेत तेवढा बरोबर निघाला. येडशीला पोचेपर्यंत रडून रडून धाकटा काकांच्या खांद्यावर झोपला होता. गाडी आली तेव्हाही जागा झाला नाही. थोरल्या काकूनं त्याला मांडीवर आडवं घेतलं. झोपेतच त्याचा हात वर गेला, चाचपडला आणि तिच्या कानाला लागला. तिनं मान वाकवून धरली. आई खिडकीपाशी आली नाही. उरलेल्या दशम्यांचं गाठोडं तिनं माझ्या हाती पाठवलं आणि ती नळापाशी पाय धूत राहिली. गाडी दिसेनाशी झाल्यावरही ती पाय धूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील आम्हाला म्हणाले की आता आई म्हणायला हरकत नाही. शाळेला सुट्टी दिल्यासारखं म्हणाले. मी अंगणात धावले. ती सडा घालत होती. मी "आई" म्हणून हाक मारली. तिनं ओ दिली नाही. पुन्हा मारली. भाऊ माझ्या मागं येऊन उभा होता; इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानंही हाक मारली, आणि त्याचा आवाज चिरकला. आईनं बादली खाली ठेवली.

"आता काकूच म्हणत जावा मला," ती म्हणाली. "दोघं बी."

मी रडायला लागले. तो तर गेला, मग आता कशाला, असं विचारलं.

"येईल की कधीतरी. सणावाराला, तुझ्या लग्नाला. त्यानं एकट्यानं काकू म्हणायचं आणि तुम्ही आई, तर त्याला काय वाटंल? आपल्यालाच टाकलं म्हणंल. सगळेच काकू म्हणत असला तर त्याला वेगळं वाटायचं न्हाय."

वडील दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि ते आत गेले.

तेव्हापासून आम्ही तिला काकू म्हणत आलो. लोकांना वाटायचं, एकत्र कुटुंबातली सवय असेल. धाकटा माझ्या लग्नाला आला तेव्हा दहा-बारा वर्षांचा होता, लाजत होता, उर्दू वळणाचं मराठी बोलत होता. आम्ही काकू म्हणत होतो, तोही काकू म्हणत होता, आणि आई तिघांनाही सारखीच ओ देत होती. आपण कुणाचे हे त्याला मोठेपणी सांगितलं. त्यानं हाक बदलली नाही आणि आईनंही कधी सुचवलं नाही.

ती गेली तेव्हा आम्ही तिघंही दवाखान्यात होतो. आदल्या दिवशी एक नवीन नर्स आली होती. आम्ही आळीपाळीनं "काकू, पाणी देऊ का", "काकू, पाय चेपू का" असं विचारत होतो. नर्सनं ते ऐकलं आणि मला म्हणाली, तुम्ही पुतणे असून किती करता. यांना स्वतःचं मूलबाळ न्हाय का? मी सांगायला तोंड उघडलं. पण आईनंच डोळे मिटलेलेच ठेवून उत्तर दिलं.

"तीन हायेत," ती म्हणाली.

धाकटा तिच्या पायाशी बसला होता. तो उठून बाहेर व्हरांड्यात गेला आणि बराच वेळ आत आला नाही.