बसकाकांच्या दारातला थांबा

आमच्या गल्लीत बस आली ती बसकाकांमुळे. हे मी म्हणत नाही, बसकाकाच म्हणतात, आणि ऐकणारा सापडेल तिथे म्हणतात. पण खोटं नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून या माणसाने दुसरं काही केलंच नाही. अर्ज, सह्या, सभा, पुन्हा अर्ज. कुणी नवी गाडी घेतली की अभिनंदनाच्या निमित्ताने त्याच्या घरी जायचे आणि धुराचं, इंधनाचं, पोराबाळांच्या फुप्फुसांचं असं वर्णन करून यायचे, की त्या घराला दोन दिवस अन्न गोड लागायचं नाही.

त्यांची स्वतःची गाडी होतीच. फाटकासमोर, रस्त्यावर, कव्हर घालून. "पण मी ती वापरत नाही," हे त्यांचं हुकमी पान. वापरत नसत हे खरं. एकदा गाडी बाहेर काढली की ती जागा दुसरा कुणी बळकावणार, या धास्तीने ते तिला जागची हलू देत नसत. काकूंना दवाखान्यात न्यायचं झालं तरी रिक्षा बोलवायचे. मी एकदा विचारलं, "काका, गाडी दारात असताना रिक्षा?"

"दारात आहे, ती दारातच राहू दे," ते म्हणाले.

बसचा खरा उपयोग कुणी केला असेल तर काकूंनी. सगळा जन्म त्या घरात राबल्या. बस सुरू झाली आणि त्यांनी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका पाळणाघरात काम धरलं. संध्याकाळी बसमधून उतरायच्या तेव्हा खांद्यावर कुणाची तरी लाळ वाळलेली असायची आणि चेहरा इतका हसरा, की मला उगाचच बरं वाटायचं. मीही त्याच बसने कामावर जातो. काका मात्र बसमध्ये कधी दिसले नाहीत. त्यांना बस मिळवायची होती, बसायचं नव्हतं.

घोडं अडलं ते थांब्यापाशी. बस चाचणीवर होती; माणसं चढली तर राहणार, नाहीतर दुसऱ्या वस्तीला जाणार. म्हणून थांबाही तात्पुरता, म्हणजे सिमेंट भरलेल्या पिंपात रोवलेला लोखंडी खांब आणि वर पाटी. बसखात्याच्या माणसांनी मोजमाप करून तो ठेवला नेमका बसकाकांच्या फाटकाशी, आणि गाडी हलवा म्हणून सांगून गेले.

"माझा पूर्ण पाठिंबा आहे," काका म्हणाले, "पण जागा अरुंद आहे." दुपारी सगळे झोपलेले असताना त्यांनी ते पिंप कलतं करून गडगडत न्हाव्याच्या दुकानापुढे नेलं.

न्हावी बसच्या बाजूचाच होता. पण बसची वाट पाहणारे त्याच्या खुर्च्यांत बसायचे, त्याचा पेपर वाचायचे, त्याच्याच कंगव्याने भांग पाडायचे आणि केस न कापता निघून जायचे. त्याने खांब दंतवैद्यांच्या गळ्यात मारला. दंतवैद्यांचाही सार्वजनिक वाहतुकीवर गाढ विश्वास, पण दारातली रांग बघून त्यांचे पेशंट माघारी फिरायला लागले. त्यांनी तो गाण्याच्या बाईंच्या दारात सरकवला. बाईंचं म्हणणं, बसचा हॉर्न त्यांच्या तंबोऱ्याशी जुळत नाही. असा खो खात खात खांब गल्लीच्या वळणावर कचऱ्याच्या पेट्यांशी जाऊन उभा राहिला. तिथे कुणाचं फाटक नव्हतं. खांब खूश, गल्ली खूश.

फक्त बस वळणावर थांबू शकत नव्हती. चालक बिचारा काल जिथे खांब होता तिथे वेग कमी करायचा, तिथे कुणी नसायचं. आम्ही आज खांब होता तिथे हात हलवायचो, तिथून तो सुसाट जायचा. गल्लीचे चढणारे प्रवासी शून्यावर आले आणि तपासनीस ते शून्य लिहून न्यायला लागला. रोज कचऱ्याचा वास घेत मी आणि काकू पुढच्या बसची वाट बघायचो आणि तीही सुसाट गेली, की पलीकडच्या थांब्यापर्यंत चालत जायचो. एकदा त्या म्हणाल्या, "पाळणाघरवालीने सांगितलंय, बुधवारपासून वेळेवर या, नाहीतर येऊच नका. पोरांच्या आयांना कामावर जायचं असतं रे, त्या तरी किती थांबणार?"

"काकांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, अर्ज करतो."

मला त्या माणसाचा इतका राग आला, की तो अर्ज त्यांना खायला घालावासा वाटला.

बुधवारी सकाळी काका दाढीला गेल्याबरोबर काकू दारोदार फिरल्या. त्यांनी दंतवैद्यांना, बाईंना आणि मला सांगितलं, की वळणावर थांबा चालत नाही म्हणे, आज माणसं येऊन खांब गल्लीत कायमचा पुरणार. "आमच्या फाटकासमोर जागा रिकामी दिसली तर तिथे, नाहीतर तुमच्यापैकी कुणाच्या तरी दारात." हे खरं होतं का, असं मी नंतर विचारलं. "कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत गल्लीत एवढी एकी मी पाहिली नव्हती. काकूंनी खुंटीवरची किल्ली आणली, कव्हर ओढून काढलं आणि त्या स्टिअरिंग धरून बसल्या. गाडी सुरू होण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून आम्ही ढकलली. दंतवैद्य पांढऱ्या कोटात, बाई पदर खोचून. बाईंच्या फाटकापुढे दम खायला थांबलो तर बाई ओरडल्या, "इथे नको!" दंतवैद्यांचंही तेच. नाइलाजाने गाडी वळणापर्यंत गेली, कचऱ्याच्या पेट्यांना टेकली आणि तिथला खांब आम्ही परत बसकाकांच्या दारात आणून उभा केला.

काका न्हाव्याच्या खुर्चीत होते. समोरच्या आरशात त्यांना आपली गाडी उलटी जाताना दिसली. आधी त्यांना भास वाटला असावा, कारण ते बरेच उशिरा धावत आले. गळ्यात टॉवेल, अर्ध्या गालावर साबण. तेवढ्यात बस आली. खांबाशी माणसं बघून थांबली. काकू चढल्या, मी चढलो, आमच्या मागून काका चढले.

"अगं, गाडी कुठे नेलीस?"

"मला उशीर होतोय. संध्याकाळी बोलू," काकू म्हणाल्या आणि खिडकीशी बसल्या. बस सुटली. काका तोल जाऊन माझ्या अंगावर आले.

"काका, तिकीट," कंडक्टर म्हणाला.

"अहो, ही बस मी आणलीय!"

"मग उतरताना घेऊन जा. आता तिकीट काढा."

सगळी बस हसली. काकांनी ताठ व्हायचा प्रयत्न केला, टॉवेलने गाल पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दोन द्या."

"कुठली?"

बायको रोज कुठे उतरते, हे काकांना माहीत नव्हतं. त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"तुमचं तुम्ही काढा," काकू म्हणाल्या. "माझं काढून झालंय."