दुकान भाड्यानं दिलं तो दिवस
करडईच्या तेलाचा वास आला की आमचं लातूरचं दुकान आठवतं. लातूर नवा जिल्हा झाला होता, पाऊस दडून बसला होता, आणि वडिलांचं उजवं अंग लुळं पडलं. त्यांना उठवायला-बसवायला कायमचा माणूस लागणार होता. काका म्हणाले, "वहिनी, दुकान इकून टाका. जिल्हा झाल्यापासून भाव लई आलाय." आई म्हणाली, "न्हाई भावजी, भाड्यानं देऊ. माणसाचा पगार त्यातून निघंल." भाडेकरू कागद घेऊन आला तेव्हा झोकदार सही करणाऱ्या वडिलांनी डावा अंगठा उमटवला आणि ते हमसून रडले. आईनं पदरानं आधी त्यांचे डोळे पुसले, मग अंगठ्याची शाई. वडील पुढं नऊ वर्षं जगले, दुकानही राहिलं. परवा माझ्या लेकीला चौतिसावं लागलं, तेव्हा लक्षात आलं, त्या दिवशी आई एवढीच होती.