ताईचा कोपरा

वीज कंपनीच्या बायकांच्या बास्केटबॉल संघात ताई म्हणजे ताईच. दिवसा मीटर तपासायचे आणि संध्याकाळी समोरच्या संघाच्या नाकी नऊ आणायचे, हा तिचा वर्षानुवर्षांचा उद्योग. मैदानाच्या डाव्या कोपऱ्यातून तिनं चेंडू टाकला की तो आत गेलाच म्हणून समजा. त्या जागेला सगळे ताईचा कोपरा म्हणत.

अशा ताईला यंदा बाकावर बसवायचं होतं. आणि सांगणार कोण, तर छोटी! ताईकडूनच चेंडू धरायला शिकलेली ही पोरगी आता संघाची प्रशिक्षक झाली होती. छोटी मीटरच्या खोलीत आली, चहा प्याली, पंख्याच्या आवाजावर बोलली, पुन्हा चहा प्याली. घोडं काही पुढे सरकेना.

शेवटी ताईनंच हातातला मीटर खाली ठेवला. "छोटे, गुडघे माझे आहेत. मला कळत नाही होय? त्या नव्या पोरीला घ्यायचंय ना माझ्या जागी?"

"ती जास्त पळते गं," छोटी कशीबशी म्हणाली. "गरज पडली की तुला उतरवीनच."

ताई मीटर पुन्हा उचलून उगाच पुसत राहिली. तिला लागलं होतं, चांगलंच लागलं होतं. मग म्हणाली, "म्हणजे आता सासूबाईंकडून जॅकेट मागून घ्यायला हवं."

बाकावर अंग गार पडू नये म्हणून संघाचं जॅकेट मिळायचं. ताईवर तिथे बसायची वेळच कधी आली नव्हती, म्हणून सासूबाई ते घालून ऐटीत भाजी आणायला जायच्या.

अंतिम सामन्याला ताई तेच घालून बसली. बाहीवर चहाचा डाग, खिशात खोकल्याच्या गोळ्या. सुरुवातीच्या पाच जणींची नावं पुकारली, तेव्हा तिनं मान खाली घालून बुटांच्या बांधलेल्याच नाड्या पुन्हा बांधल्या. ते पाहून छोटीला भरून आलं.

नवी पोरगी मात्र झकास खेळली. फक्त ताईच्या कोपऱ्याकडे ती फिरकत नव्हती. धाकच होता तसा. शेवटची मिनिटं आली, सामना बरोबरीत अडकला आणि लोक ओरडायला लागले, "ताई! ताई!" सासूबाई तर खुर्चीवरच चढल्या होत्या.

छोटीचा धीर सुटला. "ताई, ऊठ. जा."

"पोरगी दमलीय?"

"नाही गं. पण लोक..."

"लोकांचं सोड. तुला काय वाटतं?"

"तीच खेळावी."

"मग झालं तर." ताईनं जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. "परवा माझ्या तोंडावर खरं बोललीस, तेव्हा वाईट वाटलं, पण अभिमानही वाटला तुझा. आता कच खाऊ नकोस. सासूबाईंना मी घरी गेल्यावर बघते."

तिनं खोकल्याची एक गोळी छोटीच्या हातावर ठेवली, एक स्वतःच्या तोंडात टाकली आणि नव्या पोरीला जोरात हाक मारली.

"अगं, डावीकडे जा! माझा कोपरा मोकळा आहे!"