साहेबांच्या व्हिस्कीतलं पाणी

मॅक्रे साहेबांनी ग्लास नाकाशी धरला, हुंगला, एक घोट घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"हे पाणी कुठलं?" त्यांनी मला विचारलं.

"आमच्या फॅक्टरीतल्या नव्या विहिरीचं, सर. काचेसारखं स्वच्छ आहे." मी थोडं फुशारकीनेच सांगितलं, कारण त्या विहिरीवर पंप मीच बसवला होता.

साहेब उठले आणि ग्लासातली सगळी व्हिस्की त्यांनी रेस्ट हाऊसच्या व्हरांड्याखाली जास्वंदीच्या बुडाशी ओतून दिली. जिल्ह्यात दारूबंदी. परमिटवर मुंबईहून जपून आणलेली अस्सल स्कॉच. मी तोवर स्कॉचला कधी तोंड लावलं नव्हतं, तरी माझा जीव हळहळला.

गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकातली, कारंजा गावची. डिप्लोमा घेऊन मी तिथल्या जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत असिस्टंट इंजिनिअर म्हणून नुकताच लागलो होतो. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणं आणि प्रेसिंग म्हणजे रुईच्या गाठी बांधणं. हे सगळं वाफेवर चालायचं, त्यामुळे बॉयलर बंद म्हणजे फॅक्टरी बंद. आणि भर हंगामात आमचा बॉयलर बंद पडला होता. कापसाच्या बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर पार रस्त्यापर्यंत गेली होती.

झालं असं की बॉयलरचा सेफ्टी प्लग वितळला. भट्टी बॉयलरच्या आतच, पाण्याखाली असते; तिच्या छतावर एक पितळी बूच बसवलेलं असतं, त्याच्या पोटात लवकर वितळणारा धातू भरलेला असतो. बॉयलरमधलं पाणी धोक्याच्या खुणेखाली गेलं की छत तापतं, हा धातू वितळतो आणि वाफ खाली विस्तवावर पडून आग विझते. त्यामुळे मोठा स्फोट टळतो. पण प्लग वितळला याचा सरळ अर्थ लोक एकच काढतात, तो म्हणजे पाणी कमी झालं आणि बॉयलरवाल्याचं लक्ष नव्हतं. मीही तोच काढला. रिपोर्टमध्ये झोकात इंग्रजीत लिहिलं, 'कारण: अटेंडंटचा निष्काळजीपणा.'

अटेंडंट होते शेख रहेमान. सगळी फॅक्टरी त्यांना चाचा म्हणायची. वीस-बावीस वर्षं ते त्याच बॉयलरवर होते. प्लग वितळला तेव्हा ते मला एकच वाक्य म्हणाले होते, "साहेब, काचेत पानी पुरं होतं. म्या सोताच्या डोयानं पाह्यलं." बॉयलरला बाहेरून एक काचेची नळी असते, आत पाणी किती ते तिच्यात दिसतं. मी त्यांचं ऐकून घेतलं आणि त्यांना घरी बसवलं. माझ्या रिपोर्टवर शिक्कामोर्तब झालं असतं तर त्यांचं सरकारी सर्टिफिकेट गेलं असतं. ते नसलं की देशातल्या कुठल्याही बॉयलरवर उभं राहता येत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला दुसरं काम कुठून येणार? हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आलासुद्धा नाही, हे कबूल करतो.

मॅक्रे साहेब बॉयलर कंपनीचे इंजिनिअर, बॉयलर तपासायला आणि माझा रिपोर्ट पडताळायला मुंबईहून आले. मूर्तिजापूरहून छोट्या आगगाडीने येऊन उतरले, सहा फूट उंच, हातात हत्यारांची पेटी आणि बगलेत कापडात गुंडाळलेली एक बाटली. बॉयलर पुरता थंड व्हायला अजून दोन दिवस लागणार होते, तोवर आत शिरता येत नव्हतं. म्हणून पहिली संध्याकाळ रेस्ट हाऊसवर गेली आणि पहिला ग्लास जास्वंदीला पावला.

"उद्या मला या गावातलं वेगवेगळं पाणी आणून दे," ते म्हणाले. "जितक्या विहिरी वेगळ्या, तितकं चांगलं."

मला वाटलं, हे साहेबी नखरे. आमचे मॅनेजर हिराचंदजी जैन होते. बाटली उघडी असेपर्यंत ते खोलीत पाऊल टाकत नसत. त्यांनी व्हरांड्यातूनच मला समजावलं, "गावंडे, साहेबाले पाणी पाहिजे तं पाणी द्या. तिकडं गाड्या उभ्या हायेत. अन् दुसरा बॉयलरवाला पाहून ठेवा."

विहिरींची माहिती कोणाला असेल असं मी विचारलं, तर फॅक्टरीतल्या तिघांनी एकच नाव सांगितलं. ज्याला मी घरी बसवलं त्याच्याच दारात मला सकाळी जावं लागलं.

चाचा ओट्यावर बसले होते. मी काम सांगितलं. पाणी कशासाठी, तेही सांगितलं.

"दारूत टाकाले मी पानी आनू?" ते शांतपणे म्हणाले. "मी आयुष्यात हात नाई लावला तिले."

मी परतायला वळलो. मग तेच म्हणाले, "नव्या विहिरीचं पानी साहेबानं काहून फेकलं?"

"चव आवडली नाही म्हणे."

चाचा म्हणाले, "मी तुमाले दिवाईलेच सांगतलं होतं, हे पानी जड हाये. याच्यात तुरीची डाय सिजत नाई. तुमी काय म्हनले, याद हाये?"

मला आठवत होतं. आपल्याला बॉयलरमध्ये डाळ शिजवायची नाही, असं मी म्हणालो होतो, आणि चार माणसांत हसलो होतो. आधी तळ्याकाठच्या विहिरीचं पाणी बैलगाडीवरच्या टाकीतून यायचं. ते मला मागासलेपणाचं वाटायचं. पंप बसवला आणि गाडी बंद केली. शिवाय चाचा रोज बॉयलरच्या तळाचं गढूळ पाणी सोडून द्यायचे, त्याला ब्लो-डाऊन म्हणतात. गरम पाणी वाया जातं, कोळसा वाया जातो, असं सांगून मी ते दिवसाआड करायला लावलं होतं.

चाचा उठले. "चला. पानी पानी असते. त्याचं कोन काय करते ते ज्याचं त्यानं पाहावं."

आम्ही दिवसभर फिरलो आणि चार मातीच्या सुरया भरल्या. परतताना चाचांनी मला न विचारताच क्रम सांगितला. तळ्याकाठचं सगळ्यात हलकं, मग मशिदीमागचं, मग रेस्ट हाऊसच्या आडाचं, आणि सगळ्यात जड आपल्या फॅक्टरीचं. "माह्या घरवालीनं या चारी पान्यात डाय सिजवली हाये," एवढाच पुरावा त्यांनी दिला.

संध्याकाळी मी आतल्या खोलीत चार ग्लासांत पाणी ओतलं आणि प्रत्येकाखाली विहिरीच्या नावाची चिठ्ठी घडी करून ठेवली. साहेबांना चिठ्ठ्या दिसणार नाहीत याची काळजी घेतली. चाचा दाराशी उभे राहिले, आत आले नाहीत.

त्या तासाभरात मी जे पाहिलं ते अजून विसरलेलो नाही. दारू पिणारे मी लग्नाच्या वरातीत पाहिले होते. साहेबांचं पिणं त्या जातीचं नव्हतंच. त्यांनी आधी चारही पाणी नुसती चाखली, मध्ये कोरडी पोळी चावत. मग चार छोट्या ग्लासांत मोजून थोडी-थोडी व्हिस्की ओतली आणि मला हुंगायला दिली. मला दवाखान्याचा आणि चुलीच्या धुराचा वास एकदम आला. साहेब हसले. त्यांच्या स्कॉच मुलखातल्या बेटावर दलदलीतल्या मातीच्या ढेपा वाळवून जाळतात, त्या धुरावर बार्ली सुकवतात, तो हा वास. त्यांचे वडील तिथल्याच एका दारूच्या भट्टीत बॉयलरवर फायरमन होते. साहेब बॉयलर तिथे शिकले आणि व्हिस्कीही.

"आधी एक घोट तशीच," ते म्हणाले. "मग एक चमचा पाणी. मग थांबायचं. घाई केली तर ती काही बोलत नाही."

"आणि बर्फ? सोडा?" मी विचारलं. अमरावतीचे एक वकील सोड्याशिवाय घेत नाहीत असं मी ऐकून होतो.

"बर्फाने माझी जीभ झोपते. सोड्याचा मला फार गलका वाटतो. पण त्या वकिलांना आवडत असेल तर त्यांनी तशीच घ्यावी. माझी आई जन्मभर गरम पाणी आणि साखर घालून प्यायली, तिला कोणी चूक म्हणायची छाती केली नाही." त्यांनी चमचा उचलला. "ज्याची त्याची रीत. फक्त आपण आत काय मिसळतोय ते माहीत असावं."

एकेका ग्लासात त्यांनी एकेक चमचा पाणी घातलं आणि वाट पाहिली. पहिल्या ग्लासाला डोळे मिटले. दुसऱ्याला मान डोलावली. एका ग्लासातला घोट त्यांनी थुंकून टाकला. चाचा दारातून सगळं निरखत होते. ते हळूच मला म्हणाले, "साहेब पिऊन नाई राह्यले. तपासून राह्यले."

शेवटी साहेबांनी पाण्याचे चारही ग्लास चिठ्ठ्यांसकट ओळीने मांडले, चांगल्यापासून वाईटापर्यंत. मी चिठ्ठ्या उघडल्या. तळ्याकाठ, मशीद, रेस्ट हाऊस, फॅक्टरी. चाचांनी सांगितलेलाच क्रम, जसाच्या तसा.

मी साहेबांना डाळीचं सांगितलं. ते उठून दारापर्यंत गेले आणि मोडक्या हिंदुस्थानीत त्यांनी चाचांना विचारलं, डाळ किती वेळ शिजते, खाली पांढरं काही बसतं का, साबणाला फेस येतो का. चाचांनी सगळं सांगितलं. दोघेही उभ्यानेच बोलत होते. एकाने आयुष्यभर व्हिस्की प्यालेली, दुसऱ्याने तिला शिवलेलंही नाही, आणि दोघांच्या जिभेला एकच गोष्ट कळत होती. पुस्तकातला हार्ड वॉटरचा धडा मला पाठ होता, आणि त्या खोलीत सगळ्यात अडाणी मीच होतो. मला दोघांचाही हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी बॉयलर उघडला. वर एक माणूस जेमतेम शिरेल एवढं भोक असतं, त्याला मॅनहोल म्हणतात. साहेब छोटी हातोडी घेऊन त्यातून आत गेले आणि आतूनच मला हाक मारली. मीही उतरलो. कंदिलाच्या उजेडात सगळं पांढरं दिसत होतं. जड पाण्यात चुना विरघळलेला असतो. पाण्याची वाफ होते, चुना मागे राहतो आणि लोखंडावर त्याचा थर चढत जातो, त्याला स्केल म्हणतात. भट्टीच्या छतावर रुपयाची तीन नाणी एकावर एक ठेवावीत एवढा थर होता. प्लगच्या डोक्यावर तर त्याची टोपीच झाली होती. वर पाणी भरपूर, पण या टोपीमुळे ते प्लगपर्यंत पोचतच नव्हतं. म्हणून पाणी पुरं असताना प्लग वितळला. चाचांनी काचेत जे पाहिलं ते खरं होतं.

बाहेर आलो तेव्हा हिराचंदजी उभे होते आणि थोड्या अंतरावर चाचा. साहेबांनी स्केलचा तुकडा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "पाणी कोणी बदललं?"

हिराचंदजींना ठाऊक होतं, चाचांनाही ठाऊक होतं. चाचांनी एका शब्दाने सांगितलं असतं तर त्यांचं काम तिथेच झालं असतं. ते जमिनीकडे पाहत राहिले. त्यांनी मला वेळ दिला, असं मी आजही मानतो.

"मी बदललं," मी म्हणालो. "यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. ब्लो-डाऊनही मीच कमी करायला लावलं."

"मंग तुमचा रिपोर्ट?" हिराचंदजींनी विचारलं.

"तो मला परत द्या. चूक आहे तो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पण शाबासकी वगैरे काही दिली नाही. त्यांनी आपल्या रिपोर्टात कारण लिहिलं, 'फीड वॉटर', आणि खाली लिहिलं की अटेंडंटला ताबडतोब कामावर घ्यावं आणि पाण्याच्या बाबतीत त्याचा सल्ला घ्यावा. तळ्याकाठच्या पाण्याची बैलगाडी त्याच दिवशी सुरू झाली. स्केल फोडायचं काम मात्र साहेबांनी मला दिलं. चार दिवस मी बॉयलरच्या पोटात उकिडवा बसून छिन्नी मारत होतो आणि बाहेरून चाचा कंदील धरून कुठे राहिलं ते दाखवत होते.

जायच्या संध्याकाळी साहेबांनी मला थोडी व्हिस्की दिली, तळ्याकाठचं पाणी एक चमचा घालून. थांबलो, मग प्यालो. आधी नुसता धूर, मग त्याखालून मधासारखं काहीतरी. चाचांना त्यांनी विचारलं, तुमची आवड काय? चाचांनी तळ्याकाठच्या पाण्याचा चहा करून आणला, दूध भरपूर आणि गूळ. साहेबांनी तोही आधी हुंगला, मग सावकाश प्याले आणि दुसरा कप मागितला. मी पुढे स्कॉच बऱ्याच ठिकाणी, बऱ्याच लोकांबरोबर घेतली. कोणी सोडा घालतं, कोणी नारळपाणी. मी कोणाला नावं ठेवत नाही. मी स्वतः मात्र आधी पाणी चाखतो आणि मग चमचा हातात घेतो. मित्र चेष्टा करतात, करोत.

बॉयलर पुन्हा पेटला आणि वाफ चढली त्या सकाळी मी चाचांची माफी मागितली. त्यांनी काचेवरची नजर काढली नाही.

"माफी राहू द्या, साहेब," ते म्हणाले. "मले एकच सांगा. माह्या नावानं लिवाच्या आंधी तुमी आत उतरून पाह्यलं होतं?"

पाहिलं नव्हतं. पुढे तीस वर्षं नोकरीत मी पुष्कळ रिपोर्ट लिहिले. माणसाचा निष्काळजीपणा असं लिहिण्याआधी दर वेळी स्वतः आत उतरलो. निम्म्या वेळा ते शब्द लिहावे लागले नाहीत. उरलेल्या निम्म्या वेळा ते लिहावेच लागले; आत उतरल्याने माझा एक शर्ट खराब झाला, एवढंच.